खोट्या दागिन्यांची खरी ओळख

दिवाळीच्या लक्ष्मीपूजनासाठी किंवा घरातील लग्नकार्यासाठी तिजोरी उघडली जाते, तेव्हा व्यापारी कुटुंबातील दागिन्यांचे दोन गट सहज दिसून येतात. सोन्याचे दागिने मखमली पेटीत असतात. त्यांचे वजन ठाऊक असते आणि ते कोणी, कोणाला, कधी घातले हेही ठाऊक असते. दुसरा गट बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असतो. त्यात आजेसासूबाईंची रंग उडालेली बोरमाळ, एकच उरलेली बुगडी, खडा पडलेली कुडी, काळवंडलेले पैंजण आणि दोरा तुटलेली मोत्यांची पोत अशी सरमिसळ असते. या डब्याला घरात एकच नाव असते, ‘खोटे दागिने’. त्याची मोजदाद कोणी करत नाही. घर बदलताना किंवा वाटणीच्या वेळी तो मोडीत जातो, नाहीतर मुलांच्या स्नेहसंमेलनासाठी दिला जातो.

व्यापाऱ्याच्या घरात एवढा बेहिशेबी माल दुसरा कोणताही नसतो. ‘खोटे’ या एका शब्दाखाली किमान सहा-सात निरनिराळ्या वस्तू एकत्र पडलेल्या असतात. चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला दागिना, पितळेवरील मुलामा, जर्मन सिल्व्हर, रोल्ड गोल्ड, काचेचे खडे, काचेचे मोती, जुने प्लॅस्टिक आणि क्वचित कमी कसाचे खरे सोनेही. या वस्तूंची ओळख नसल्यामुळे नुकसान दोन बाजूंनी होते. चांदी पितळेच्या भावाने मोडीत जाते. आणि मुलाम्याचा दागिना सोन्याचा समजून वाटणीत धरला जातो. मग ज्या मुलीच्या वाट्याला तो आला, तिला अडचणीच्या दिवशी सराफाच्या दुकानात सत्य कळते. त्या दिवशी केवळ रक्कम बुडत नाही. ‘घरच्यांनी जाणूनबुजून दिले’ हा संशय भावंडांमध्ये कायमचा घर करतो. ओळखण्याची ही विद्या मात्र दोन हजार रुपयांच्या आतील साधनांनी घरबसल्या शिकता येते.

डब्यातील वस्तू आल्या कोठून?

चांदी किंवा तांब्यावर पाऱ्याच्या साहाय्याने सोन्याचा मुलामा चढवण्याची पद्धत आपल्याकडे पुरातन आहे. सन १८४० मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि हे काम स्वस्त झाले. त्याच शतकात बोहेमियातील गाब्लोन्झ, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील याब्लोनेत्स, या गावातून काचेचे मणी, खडे आणि बांगड्या मोठ्या प्रमाणात भारतात येऊ लागल्या. ऑस्ट्रियातील वाटेन्स येथे १८९५ मध्ये स्वारोव्स्की यांचा यंत्राने पैलू पाडलेल्या काचेचा कारखाना निघाला. १९२० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये कोको शानेल हिने खोट्या मोत्यांच्या माळा उघडपणे मिरवल्या. तेव्हापासून अशा दागिन्यांना धातूच्या किमतीपेक्षा घडणीसाठी आणि कारखान्याच्या नावासाठी मोल देण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ झाली. तिकडे ‘कॉस्च्युम ज्वेलरी’ म्हणतात ती हीच.

आपल्याकडे मात्र या दागिन्यांच्या प्रसाराला एका कायद्याने मोठा वेग दिला. चीनबरोबरच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई केंद्रीय अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटपेक्षा अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. असंख्य सुवर्णकारांच्या उपजीविकेवर संकट आले. पुढे कसाची अट सैल झाली, तरी १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत लागू होता. त्या काळातील लग्नांत मुलाम्याच्या दागिन्यांचा वापर वाढला. तमिळनाडूतील चिदंबरमचे ‘कव्हरिंग’ आणि आंध्रातील मछलीपट्टणजवळच्या चिलकलपुडीचे दागिने दूरवर जाऊ लागले. म्हणून १९६३ नंतरच्या काही वर्षांतील लग्नाचा दागिना डब्यात असेल, तर दोन शक्यता ध्यानात ठेवाव्यात. तो मुलाम्याचा असेल, किंवा १४ कॅरटचे खरे सोने असेल. १४ कॅरटमध्ये १०० भागांत सुमारे ५८ भागच शुद्ध सोने असते. त्याचा रंग फिका दिसतो आणि म्हणूनच त्याला खोटे ठरवले जाते.

कोल्हापुरी साजाचे उदाहरण

कोल्हापूरच्या गुजरीत आणि महाद्वार रोडवर साज, ठुशी, बोरमाळ आणि वज्रटीक हे घाट सोन्यात मिळतात, चांदीवर सोन्याच्या मुलाम्यात मिळतात आणि पितळेतही मिळतात. दुरून पाहता तिघांत भेद दिसत नाही. साजातील जवमणी आणि पाने पारंपरिक पद्धतीत पातळ पत्र्याची ठोकून आत लाख भरलेली असतात. बोरमाळेचे मणीही तसेच. लाखेमुळे कमी सोन्यात दागिना भरघोस दिसतो आणि चेपत नाही. परंतु त्यामुळेच हातात घेऊन केलेला वजनाचा अंदाज येथे फसतो. सोने तारण ठेवून कर्ज देताना बँकेचा मूल्यांकक लाख, खडे, मणी आणि दोरा वजा करून निव्वळ वजन धरतो, त्याचे कारण हेच. घरातील वाटणीतही हाच नियम लावला पाहिजे. ‘पाच तोळ्यांचा साज’ हा शब्द पुरेसा नाही. पाच तोळे लाखेसह की लाखेविना, हे लिहिलेले असावे.

येथे व्यापारी घरांना एक लाभ आहे, तो म्हणजे जुन्या चोपड्या. पूर्वी दागिना घडवला की वजन तोळे, मासे आणि गुंजांत लिहिले जाई. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, १२ मासे म्हणजे एक तोळा आणि ८ गुंजा म्हणजे एक मासा. चोपडीत ‘३ तोळे ४ मासे’ अशी नोंद असेल, तर ते वजन सुमारे ३८.९ ग्रॅम होते. डब्यातील एखाद्या नगाचे वजन याच्या अगदी जवळ आले, तर तो नग आणि ती नोंद एकमेकांची असण्याचा संभव मोठा. झीज, तुटलेली कडी किंवा पडलेला खडा यामुळे थोडी तूट येते. हल्ली बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम असा व्यवहार चालतो. जुन्या नोंदीला तो लावू नये.

पहिली पायरी : डोळा आणि भिंग

शिक्षणाचा आरंभ घरच्याच डब्यापासून करावा. दहापट मोठे दाखवणारे सराफी भिंग काही शे रुपयांत मिळते. दागिना उन्हात धरून तीन जागा पाहाव्यात. पहिली, जेथे कातडीशी किंवा दुसऱ्या कडीशी घासणी होते ती जागा, म्हणजे अंगठीची आतली बाजू, साखळीच्या कडीचा वाकलेला भाग, बांगडीची कड. दुसरी, फिरकीचे मळसूत्र आणि आकडा. तिसरी, झाळ दिलेले सांधे. साध्या मुलाम्याचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असू शकतो. तो प्रथम या जागांवर उडतो आणि खालचा धातू दिसू लागतो. तांबूस दिसले तर तांबे, हिरवट पिवळे दिसले तर पितळ, पांढरे दिसले तर चांदी किंवा जर्मन सिल्व्हर असण्याची शक्यता. खाचेत हिरवा गंज साचला असेल, तर तांबे किंवा पितळ जवळपास आहे हे निश्चित. चांदी काळी पडते, हिरवी नाही. मात्र कमी टंचाच्या चांदीत तांबे असल्यामुळे तीवरही हिरवा डाग येऊ शकतो.

जर्मन सिल्व्हर या नावाने अनेकांची फसगत होते. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या या मिश्रधातूत चांदीचा अंशही नसतो.

घरचा डबा संपल्यावर सरावासाठी मोड घेणाऱ्याच्या दुकानातील तुटके नग घ्यावेत. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार येथेही असा माल मिळतो. येथे स्वतःला एक शिस्त लावून घ्यावी. महिन्याला ठरावीक छोटी रक्कम, एका वेळी एकच नग, आणि तोही मोडीच्या भावाने. विक्रेता ‘अँटिक आहे’ असे सांगून भाव वाढवू लागला की शिकाऊ माणसाने हात जोडून पुढे जावे. जुनेपणा कृत्रिम रीतीने आणता येतो. काळवंडण्यासाठी रसायने असतात आणि दोरा मळवायला वेळ लागत नाही.

दुसरी पायरी : चुंबक, काटा आणि पाणी

लोहचुंबकाची परीक्षा सर्वांत स्वस्त. दागिना ओढला गेला तर आत लोखंड आहे. ओढला गेला नाही, तर एवढेच कळते की लोखंड नाही. पितळ, तांबे, चांदी आणि सोने यांपैकी कोणालाही चुंबक ओढत नाही. तसेच खऱ्या दागिन्याच्या फाशात पोलादी स्प्रिंग असू शकते. तेवढाच भाग ओढला गेला म्हणून सारा नग खोटा ठरत नाही.

खरा उपयोग होतो तो ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्याचा. प्रथम दागिन्याचे नेहमीचे वजन करावे. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणावा. दागिना बारीक दोऱ्याने असा सोडावा की तो पूर्ण बुडेल, पण तळाला वा बाजूला टेकणार नाही. आता काट्यावर जो आकडा येतो, तेवढे घन सेंटिमीटर त्या दागिन्याचे आकारमान. पहिल्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते.

समजा, एका कड्याचे वजन २१ ग्रॅम आहे. पाण्यात सोडल्यावर आकडा २.०० आला, तर घनता १०.५, म्हणजे चांदी. आकडा २.४५ आला तर घनता सुमारे ८.६, म्हणजे पितळ किंवा जर्मन सिल्व्हर. आकडा १.१८ आला तर घनता १७.८, म्हणजे २२ कॅरट सोन्याच्या आसपास. शुद्ध सोन्याची घनता १९.३, तांब्याची ८.९, शिशाची ११.३ आणि ॲल्युमिनियमची २.७. तांबे मिसळलेल्या ६० टंचाच्या चांदीची घनता सुमारे ९.८ येते. कोल्हापूरजवळची हुपरी ही चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध. तेथील जुने पैंजण घरोघर आहेत, त्यांवर ही परीक्षा करून पाहण्यासारखी आहे. डब्यातील काळा पडलेला, ‘खोटा’ ठरलेला वाळा चांदीचा निघाल्याचा आनंद बहुधा याच परीक्षेत मिळतो. चांदीवर मुलामा दिलेला भरीव दागिनाही येथेच उघड होतो. वरून सोनेरी आणि घनता दहाच्या पुढे, पण सोन्यापेक्षा बरीच कमी.

या परीक्षेच्या मर्यादाही पक्क्या आहेत. पोकळ, लाख भरलेल्या, खडे जडवलेल्या किंवा दोऱ्यात गुंफलेल्या दागिन्याला ती लागू नाही. पाण्याचा बुडबुडा अडकला तर उत्तर चुकते. दोन-तीन ग्रॅमच्या नगात अल्प चूकही मोठी ठरते. आणि टंगस्टन या धातूची घनता सोन्याएवढीच असल्यामुळे फसवणूक करणारे त्याचाच आधार घेतात. म्हणून घनता चांदी-पितळेतला फरक चांगला सांगते, पण सोन्याची खात्री देत नाही.

खडे, मोती आणि बांगड्या

जुन्या काचेच्या खड्यामागे बहुधा चकाकी देणारा मुलामा किंवा पत्रा असतो. तो काळा पडला की खडा निस्तेज दिसतो. भिंगातून काचेत गोल बुडबुडे दिसू शकतात आणि पैलूंच्या कडा झिजून गोलसर झालेल्या असतात. तेलावरील रंगांसारखी सप्तरंगी झाक असलेला खडा १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरचा मानावा. ‘ऑरोरा बोरिॲलिस’ नावाचा तो लेप स्वारोव्स्कीने त्या सुमारास आणला.

मोत्यांत भोकाजवळ पाहावे. काचेच्या मोत्याचा लेप तेथे टवका उडून निघालेला असतो. दोन मोती एकमेकांवर हलकेच घासले असता खरे किंवा संवर्धित मोती किंचित खरखरीत लागतात, काचेचे गुळगुळीत. मात्र समुद्रात आपोआप झालेला मोती आणि संवर्धित मोती यांतील भेद घरी कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतील क्ष-किरण तपासणी लागते. जपानच्या मिकिमोतो यांना मोती संवर्धनात पहिले यश १८९३ मध्ये मिळाले. त्यामुळे आजीच्या तन्मणीतील प्रत्येक मोती बसऱ्याचाच, हे गृहीत धरू नये.

जाड, गुळगुळीत, पिवळसर बांगडी बेकेलाइटची असू शकते. लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये शोधलेले हे आरंभीचे प्लॅस्टिक. कोमट पाण्याने किंवा बोटाने चोळून तापवल्यास त्याला जंतुनाशकासारखा उग्र वास येतो, तर सेल्युलॉइडला कापराचा. मारवाडी आणि गुजराती घरांतील जुन्या चुड्यांत हस्तिदंतही असतो. त्याच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. अशी वस्तू विकण्याचा विचारही करू नये.

छापांचे वाचन

बारीक छाप भिंगाखाली वाचावेत. ९१६ म्हणजे २२ कॅरट, ७५० म्हणजे १८ कॅरट, ५८५ म्हणजे १४ कॅरट आणि ९२५ म्हणजे स्टर्लिंग चांदी. ‘ई.पी.एन.एस.’ अशा इंग्रजी अक्षरांचा अर्थ निकेल मिश्रधातूवर चांदीचा विद्युत मुलामा. चष्म्याच्या काड्या, घड्याळाचे पट्टे आणि साखळ्यांवर ‘१/२० १२ के’ असा छाप आढळतो, तो रोल्ड गोल्डचा. एकूण वजनाचा विसावा भाग १२ कॅरट सोने, असा त्याचा अर्थ. २० ग्रॅमच्या साखळीत या हिशेबाने अर्धाच ग्रॅम शुद्ध सोने भरते. ‘एक ग्रॅम सोन्याचे दागिने’ हे तर बाजारातील नाव आहे. प्रत्येक नगात एक ग्रॅम सोने असल्याचे ते प्रमाणपत्र नव्हे.

भारतीय मानक ब्युरोची सोन्याच्या हॉलमार्कची योजना २००० मध्ये सुरू झाली आणि १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. त्यामुळे आजीच्या दागिन्यावर छाप नाही म्हणून तो खोटा ठरत नाही, आणि कोणताही कारागीर अंक ठोकू शकतो म्हणून केवळ अंक आहे म्हणून तो खराही ठरत नाही. सोन्याची शंका उरल्यास मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात जावे. ग्राहकांसाठी ब्युरोने २०२२ मध्ये जाहीर केलेला तपासणीचा दर ४ नगांपर्यंत २०० रुपये आणि ५ किंवा अधिक नगांसाठी प्रत्येकी ४५ रुपये असा होता. यंत्राची किरण-तपासणी दागिन्याला इजा करत नाही, परंतु ती पृष्ठभागच वाचते. मुलामा जाड असण्याची शंका असेल, तर तसे केंद्रात आधीच सांगावे.

काय करू नये

घरी नायट्रिक आम्लाची बाटली आणू नये. कानशीने किंवा सुरीने ओरखडा काढू नये. टूथपेस्ट, चिंच किंवा राखेने घासल्यास उरलासुरला मुलामा निघून जातो. लाख भरलेला दागिना गरम पाण्यात घालू नये. मोती आणि मागे पत्रा असलेले खडे भिजवू नयेत. कोरड्या मऊ फडक्याने पुसून प्रत्येक नग वेगळ्या कागदात गुंडाळावा.

ओळखीनंतरचे कर्तव्य

ओळखता येऊ लागले की एक निराळा प्रसंग उभा राहतो. मोडीच्या ढिगातील काळा वाळा चांदीचा आहे, हे घेणाऱ्याला कळले आणि विकणाऱ्या वृद्ध बाईला कळले नाही, तर काय करावे? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सलाच्या जागी बनावट वस्तू खपवणे, हा एक आहे. खोट्याला खरे म्हणून विकणे जितके दोषाचे, तितकेच खऱ्याला खोटे ठरवून घेणेही दोषाचे मानावे लागेल. दोन्हींत समोरच्याच्या अज्ञानाचाच लाभ घेतला जातो. ‘मावशी, हा चांदीचा दिसतो, वजन करून चांदीचा भाव घ्या’ एवढे एक वाक्य तेथे बोलता आले पाहिजे. त्यात काही शे रुपयांची बचत जाते, आणि पेढीची पत अशाच वाक्यांवर उभी असते, हे व्यापारी घरांना निराळे सांगावे लागत नाही.

घरातील डब्यासाठी एक छोटी वही करावी. प्रत्येक नगाला क्रमांक, छायाचित्र, एकूण वजन, लाख-खड्यांविषयी टीप, घनता, छाप, दागिना मूळ कोणाचा आणि कोणत्या लग्नातला, एवढे रकाने पुरेत. शेवटच्या रकान्यात तीनपैकी एकच शब्द लिहावा : ‘खात्री’, ‘शक्यता’ किंवा ‘अज्ञात’. ‘खात्री’ हा शब्द केंद्राची किंवा जाणत्या सराफाची तपासणी झाल्यावरच वापरावा. वहीवर घरातील दोन सुनांच्या आणि एका मुलीच्या सह्या असाव्यात, म्हणजे वाटणीच्या दिवशी कोणाच्या शब्दावर विसंबावे लागणार नाही.

ही वही भरताना घरातील वृद्ध स्त्रियांना जवळ बसवावे. दुकानात भांडवल घालण्यासाठी खरा साज मोडला गेला आणि चार लोकांत गळा मोकळा दिसू नये म्हणून त्याच घाटाचा मुलाम्याचा साज करून घेतला, अशी एखादी हकीकत त्यांच्याकडून सहज निघते. पितळेच्या त्या साजाला सराफाकडे भाव नाही. पण पेढीचे पहिले भांडवल कोणाच्या गळ्यातून आले, हे त्याच्यावरून कळते. तेवढी ओळ त्याच्या नावापुढे लिहून ठेवावी आणि तो नग मोडीत घालू नये.